कवटीचा तळ आणि मानेचे वरचे मणके : गाठीपर्यंतची वाट कशी ठरते?

सुईदोरा

"मेंदूखालची गाठ नाकातून काढतात म्हणे, खरं की काय?" असा प्रश्न डोकेदुखीच्या धाग्यावर आला होता. खरं आहे. पण सगळ्याच गाठी तशा काढत नाहीत, आणि नाकातून काढली म्हणजे ऑपरेशन छोटं असंही नाही. तिथे उत्तर लिहायला बसलो तर लांबतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा. माझं काम न्यूरोसर्जरीतलं. कुणाच्या रिपोर्टवर इथे मत देणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी जागा समजून घेऊ. नाकाच्या अगदी मागे, घशाच्या वर, कवटीच्या तळाशी मधोमध एक उतरतं हाड आहे. त्याला क्लायव्हस म्हणतात. त्याच्या पाठीला लगटून ब्रेनस्टेम, म्हणजे श्वास, गिळणं, शुद्ध यांचा कारभार जिथून चालतो तो मेंदूचा देठ, आणि त्याला रक्त पुरवणारी बेसिलर धमनी. क्लायव्हसच्या दोन्ही अंगांना मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या. उतार संपतो तिथे फोरामेन मॅग्नम हे कवटीचं मोठं भोक. त्याच्या लगेच खाली मानेचा पहिला मणका अ‍ॅटलास, मग दुसरा अ‍ॅक्सिस. व्हर्टेब्रल धमन्या याच मणक्यांतून वर चढतात, अ‍ॅटलासच्या मागच्या कमानीवरून वळसा घेतात आणि मग ड्यूरा, म्हणजे मेंदूचं जाड बाहेरचं आवरण, भेदून आत शिरतात. डोळा फिरवणाऱ्या, चेहऱ्याच्या, कानाच्या, घशाच्या, जिभेच्या नसा इथूनच बाहेर पडतात.

आता मुद्दा. बाहेरच्यांना वाटतं की सर्जन गाठीपर्यंतची सगळ्यात जवळची वाट निवडतो. तसं नसतं. गाठीने नसा आणि धमन्या कुठल्या बाजूला सारल्या आहेत ते आधी बघायचं आणि त्या जिच्या आड येत नाहीत ती वाट धरायची. मग ती लांबची असली तरी चालेल, तिच्यात हाड जास्त कापावं लागलं तरी चालेल. हाड कापलेलं भरून काढता येतं, स्क्रू लावता येतात. जीभ हलवणाऱ्या बाराव्या नसेला दुसरा पर्याय नाही.

गाठ क्लायव्हसमधून उगवली असेल तर ती ब्रेनस्टेमला मागे आणि नसांना बाहेरच्या बाजूला ढकलते. अशी गाठ समोरून, म्हणजे नाकातून, गाठायची. दोन सर्जन एकदम काम करतात, बहुतेक वेळा एक ईएनटीचा आणि एक आमच्यातला. दोन्ही नाकपुड्या वापरतात. एकाच्या हातात एंडोस्कोप, दुसऱ्याच्या एका हातात सक्शन आणि दुसऱ्यात ड्रिल. सुरुवातीलाच नाकाच्या पडद्यावरची त्वचा तिच्या रक्तवाहिनीसकट सोलून घशाकडे जपून ठेवतात. हा फ्लॅप शेवटी भोक बुजवायला लागणार असतो आणि नंतर आठवण झाली तर उपयोग नाही, कारण तोवर त्याची रक्तवाहिनी ड्रिलच्या वाटेत गेलेली असते. अर्जेंटिनातल्या रोझारिओच्या हदाद आणि बसागास्तेगी यांचा हा फ्लॅप २००६ मध्ये छापून आला. माझ्या मते या शाखेत नाकाच्या वाटेला खरे दिवस आले ते त्यामुळे. त्याआधीही गाठ निघत होती, पण मागे राहिलेल्या भोकातून मेंदूभोवतीचं पाणी गळायचं आणि मेनिन्जायटिस व्हायचा.

मग डायमंड बर्रने, म्हणजे ड्रिलच्या हिऱ्याची पूड बसवलेल्या टोकाने, सतत पाणी सोडत, क्लायव्हस घासत जायचं. कडेला कॅरोटिडवरचं हाड पातळ झालं की आतली धमनी गुलाबीसर दिसायला लागते. त्याआधीच सूक्ष्म डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणारी काडी, टेकवून 'श्श-श्श' ऐकायचं. नॅव्हिगेशन पडद्यावर हत्याराचं टोक कुठे आहे ते दाखवतं, पण मी तरी कानावर जास्त विश्वास ठेवतो. नॅव्हिगेशन आधी काढलेल्या स्कॅनवर चालतं, डॉपलर आत्ताचं सांगतो.

उलट, गाठ फोरामेन मॅग्नमच्या पुढच्या-बाजूच्या कडेला असेल, समजा मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणातून उगवणारी गाठ), तर नाकातून गेलं की नसा मध्ये येतात. इथे मागून-बाजूने जातात. 'फार लॅटरल' (far lateral, म्हणजे अगदी बाजूने) म्हणतात त्या पद्धतीला. रॉबर्टो हेरॉस यांनी १९८६ मध्ये ती व्हर्टेब्रल धमनीच्या आजारांसाठी मांडली होती, पुढे गाठींसाठी रूढ झाली. कानामागून मानेच्या मध्यरेषेपर्यंत चीर घेऊन स्नायू थराथराने उलगडायचे. खोलवर तीन छोट्या स्नायूंचा एक त्रिकोण लागतो आणि त्याच्या तळाशी व्हर्टेब्रल धमनी, शिरांच्या जाळ्यात गुंडाळलेली. त्या शिरा छेडल्या की भळाभळा रक्त येतं. जाळायला गेलं की आणखी येतं. रक्त थांबवणारा लगदा भरून दाबून धरायचं आणि शांत राहायचं, एवढंच. मग अ‍ॅटलासची मागची कमान त्या बाजूने काढायची आणि गरज असेल तर ऑक्सिपिटल काँडाइल, म्हणजे कवटी ज्या सांध्यावर टेकते त्या उंचवट्याचा मागचा भाग ड्रिल करायचा.

"गरज असेल तर" हे मुद्दाम लिहिलं. बऱ्याचदा गाठीनेच मज्जारज्जू बाजूला सारून जागा करून ठेवलेली असते, काँडाइलला हात लावायची वेळच येत नाही.

तळाच्या बाजूच्या, कानाच्या हाडाआडच्या गाठींसाठी त्याच हाडाच्या आतल्या, पेट्रस नावाच्या भागातून जाणाऱ्या वाटा आहेत. टोकियोच्या कावासे यांची १९८५ची वाट त्यातली एक, तीही मूळ बेसिलर धमनीच्या फुग्यांसाठी. तोंडातून जायची जुनी वाट अजून आहे, पण टाळू चिरला की बोलताना हवा नाकातून निसटते आणि तोंडातल्या जंतूंचा धोका असतो. २००५ मध्ये कॅसम आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅक्सिसचा खुंट पूर्णपणे नाकातून काढून दाखवल्यापासून तिचा वापर घटत चालला आहे.

प्रश्न असतील तर विचारा.

रिकामटेकडा

वाचतोय. डॉपलरचं वाचून अंगावर काटा आला.

शंकासुर

लेख छान, पण एक शंका. एवढी सगळी तयारी करून आत गेल्यावर कित्येकदा "थोडी गाठ ठेवली" असं ऐकायला मिळतं. पोचलातच आहात तर पूर्ण का काढत नाही? आमच्या एका परिचितांना असंच सांगितलं. घरच्यांना वाटलं काम अर्धवट सोडलं.

सुईदोरा

शंकासुर, हा प्रश्न येणारच होता.

जागा तीच असली तरी गाठ कोणती यावर किती रेटायचं ते ठरतं. मेनिन्जिओमा आणि श्वानोमा (नसेच्या आवरणाची गाठ) बहुतेक साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या, असतात, हळू वाढतात. मेनिन्जिओमा जुना असेल तर तो ब्रेनस्टेमच्या नाजूक आवरणाला चिकटलेला असतो, मधला पारदर्शक पदर नाहीसा झालेला असतो. मायक्रोस्कोपखाली ते कळतं. इतका वेळ गाठ सोलताना तिच्या आणि ब्रेनस्टेमच्या मध्ये चकाकती रेघ दिसत असते, एका जागी ती संपते आणि पुढे ओढलं तर ब्रेनस्टेमच ओढला जातो. तिथे थांबायचं. राहिलेल्या पापुद्र्यावर नजर ठेवता येते, वाढला तर रेडिओसर्जरी, म्हणजे नेमक्या जागी रेडिएशनचा मोठा मारा, देता येते. हे काम अर्धवट सोडणं नव्हे. पूर्वी सगळं काढायचा आग्रह असायचा आणि माणूस कायमचा नळीने जेवायचा.

कॉर्डोमाचं गणित वेगळं. गर्भात पाठीचा कणा घडताना नोटोकॉर्ड नावाचा दांडा असतो, त्याच्या उरलेल्या पेशींपासून ही गाठ होते. वर्षाला दहा लाखांत एखाद्याला, इतकी दुर्मीळ. वाढते हळू, पण हाड पोखरते, केमोथेरपीला दाद देत नाही आणि साध्या मात्रेच्या रेडिएशनलाही फारशी देत नाही. इथे पहिलं ऑपरेशन सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्या वेळेला व्रणांत सगळे पदर एकमेकांना चिकटलेले असतात. म्हणून पहिल्या खेपेला हाडाच्या कडेपर्यंत, निरोगी हाड लागेपर्यंत ड्रिल करत जातात. कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेची गाठ, स्कॅनवर कॉर्डोमासारखाच पांढरा दिसतो, पण सहसा मध्यरेषा सोडून असतो आणि तब्येतीने बराच सौम्य.

तुमच्या परिचितांची गाठ कोणती होती ते कळल्याशिवाय "ठेवली" याचा अर्थ लागणार नाही.

शंकासुर

मेनिन्जिओमा. पटलं. घरच्यांना सांगतो. पण हे ऑपरेशनआधी सांगायला काय झालं होतं, ही शंका राहतेच.

सुईदोरा

ती रास्त आहे.

निमा

माझ्या भावाला क्लायव्हसचा कॉर्डोमा. सुरुवात डबल दिसण्याने झाली. लांबची वस्तू शेजारी शेजारी दोन दिसायची, एक डोळा झाकला की एकच. चष्मा बदलून झाला, मग डोळ्यांच्या डॉक्टरांनीच एमआरआय करायला सांगितला. नाकातून ऑपरेशन झालंय, प्रोटॉन रेडिएशनची तयारी चालू आहे. नाक धुणं हेच आमचं सध्याचं मुख्य काम. खपल्या इतक्या पडतात की तो वैतागतो, वास येत नाही, चव कळत नाही. हे किती चालतं? आणि ते घरी "वाकू नको, शिंकायचं तर तोंड उघडून शिंक" असं का सांगतात?

सुईदोरा

निमाताई, एक डोळा झाकला की प्रतिमा एक होणं आणि दोन प्रतिमा आडव्या शेजारी असणं, ही सहाव्या नसेची खूण. ती नस क्लायव्हसच्या पाठीवरून वर चढते आणि एका अरुंद बोळातून डोळ्याकडे वळते, म्हणून तिथल्या गाठीत आधी तीच सापडते. दाबली गेलेली असेल तर पुष्कळदा सावकाश परत काम करू लागते.

खपल्या फ्लॅप जिथून सोलला त्या उघड्या जागेवर धरतात. तिथे नवी त्वचा यायला काही महिने लागतात. मिठाच्या पाण्याने धुणं कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. ईएनटीवाल्यांकडून वेळोवेळी दुर्बिणीने साफ करून घ्या, घरी काडी घालून खपली ओढू नये. वासाचं नक्की सांगता येत नाही. काहींचा बराच परत येतो, काहींचा कमीच राहतो.

नाक शिंकरणं, तोंड मिटून शिंकणं, कुंथणं यांनी आतला दाब एकदम वाढतो आणि ताजा फ्लॅप जागेवरून उचलला जाऊ शकतो. पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून स्वच्छ पाण्यासारखं टपटप आलं, घशात खारट लागलं, तर सर्दी समजून थांबू नका, त्याच दिवशी कळवा. ते पाणी बीटा-२ ट्रान्सफेरिन या प्रथिनासाठी तपासतात. ते सापडलं तर मेंदूभोवतीचंच पाणी. ताप आणि मान ताठ होणं असेल तर थेट इमर्जन्सी.

मेंदूभोवतीचं पाणी थोडं थोडं काढून दाब कमी ठेवायला कमरेत नळी ठेवली होती का? मोठ्या भोकाला तिचा उपयोग होतो का यावर बरीच वर्षं वाद होता. २०१९ मध्ये एक यादृच्छिक चाचणी छापून आली, त्यात नळी ठेवलेल्यांत गळती सुमारे ८ टक्के आणि न ठेवलेल्यांत सुमारे २१ टक्के होती. त्यानंतर वादाचा आवाज बराच खाली आला.

निमा

हो, होती. त्याला त्या नळीचाच सगळ्यात जास्त राग होता, आडवं पडून राहावं लागलं म्हणून. आता सांगते त्याला.

दुसऱ्या_वर्षाचा

सर, एमबीबीएसला आहे. नाकातून खाली कुठपर्यंत पोचता येतं? सगळंच नाकातून का नाही?

सुईदोरा

खालची हद्द नाकाची हाडं आणि कडक टाळू ठरवतात. नाकाच्या हाडाच्या खालच्या टोकापासून कडक टाळूच्या मागच्या कडेला टेकवून एक रेघ मागे मणक्यापर्यंत ओढ. ती जिथे लागते त्याच्या फार खाली हत्यार जात नाही, साधारण अ‍ॅक्सिसच्या आसपास. प्रत्यक्षात हात त्या रेघेच्याही थोडा वरच अडतो. बाजूची हद्द कॅरोटिड आणि हायपोग्लॉसल कालवा, म्हणजे बारावी नस जिथून बाहेर पडते ते भोक. गाठ त्यांच्या बाहेर पसरली असेल तर दोन वाटा जोडतात, आधी एका बाजूने, मग काही दिवसांनी दुसऱ्या बाजूने. आणि कॅरोटिड फाटली तर नाकाच्या बोळात तिला क्लिप लावणं जवळपास अशक्य. मांडीतला किंवा पोटातला स्नायूचा तुकडा चेचून त्यावर दाबून धरायचा आणि रुग्णाला थेट अँजिओग्राफीला न्यायचं. म्हणून आमच्याकडे मांडी आधीच स्वच्छ करून झाकून ठेवलेली असते.

ऑपरेशनभर नसांवर लक्ष ठेवणारा वेगळा माणूस असतो. जिभेत, खांद्याच्या स्नायूत बारीक सुया, घशातल्या श्वासनळीच्या ट्यूबवर इलेक्ट्रोड. स्नायू बधिर करणारं औषध मग भूलतज्ज्ञाला मोजूनमापून किंवा टाळूनच द्यावं लागतं, नाहीतर नस ओरडली तरी पडद्यावर काही उमटायचं नाही.

गिरकी

माझी दुसऱ्या मणक्याची गाठ होती. मागून काढली आणि डोक्यापासून मानेपर्यंत रॉड आणि स्क्रू लावले. गाठीचं म्हणाल तर आता सुखरूप. पण मान वळत नाही हो. मागून हाक मारली की अख्खी मीच वळते. आयडीसुद्धा त्यावरूनच घेतला. आधी सांगितलं होतं, पण "थोडं अवघड जाईल" म्हणजे इतकं, हे नव्हतं कळलं. गाडी चालवणं सोडलं. जेवताना ताटात काय आहे ते बघायला ताट उंच ठेवावं लागतं.

सुईदोरा

गिरकीताई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, आम्ही ते नीट सांगत नाही. मान डावी-उजवीकडे जेवढी वळते त्यातलं जवळपास अर्धं वळणं एकट्या अ‍ॅटलास-अ‍ॅक्सिसच्या सांध्यात होतं. होकारार्थी मान हलवण्याचं बरंचसं काम कवटी-अ‍ॅटलासच्या सांध्यात. कवटीपासून जोडलं की दोन्ही गेलं. म्हणूनच काँडाइल जपण्याचा एवढा आटापिटा. एका बाजूचं साधारण अर्ध्याहून जास्त काढलं की सांधा डळमळतो आणि जोडावंच लागतं.

फक्त पहिले दोन मणके जोडून भागत असेल तर कवटी मोकळी राहते. अतुल गोएल यांनी १९९४ मध्ये दोन्ही मणक्यांच्या बाजूच्या भागांत स्क्रू घालून ते पट्टीने जोडायची पद्धत छापली, २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी तीच रॉड वापरून मांडली. आता जगभर गोएल-हार्म्स म्हणूनच ओळखतात. तुमच्या बाबतीत गाठीने काय काय खाल्लं होतं त्यावर ते अवलंबून असणार.

स्वरयंत्र

मी स्पीच आणि स्वॉलो थेरपिस्ट. गिरकी, गिळायला कसं जातं? विचारण्याचं कारण असं की कवटी आणि मान कोणत्या कोनात जोडली यावर गिळणं अवलंबून असतं. हनुवटी जरा जास्त खाली राहून जोडली गेली तर घशाची मागची जागा अरुंद होते, घास अडकतो, कधी श्वासही. हल्ली सर्जन टेबलावरच एक्स-रे घेऊन हा कोन मोजतात.

बाकीच्यांसाठी : घसा, आवाज आणि जीभ सांभाळणारी नववी, दहावी आणि बारावी नस दुखावली की पहिला धोका ठसक्याचा नसतो, ठसका न लागण्याचा असतो. घशाची जाणीवच गेलेली असते, पाणी फुफ्फुसात उतरतं आणि माणूस शांत बसलेला असतो. मग तापाने कळतं. म्हणून अशा ऑपरेशननंतर "एक घोट पाणी देऊन बघू" हे नातेवाइकांनी अजिबात करू नये. आम्ही नाकातून बारीक दुर्बीण घालून रंगीत घास कुठे जातो ते बघतो, मग ठरवतो. नळी लागली म्हणजे कायमची लागली असं नाही. एका बाजूचीच नस गेली असेल तर दुसरी बाजू हळूहळू काम उचलते. तरुणांत लवकर, वयस्करांत उशिरा. आवाज घोगरा राहिला तर निकामी स्वरपट्टी मध्याकडे सरकवण्याचं छोटं ऑपरेशन आहे.

गिरकी

स्वरयंत्र, कोरडा घास अडकतो. हनुवटीचं कोणी बोललं नव्हतं. पुढच्या भेटीत विचारते. थँक्यू.

प्रकाशकण

मी रेडिएशन फिजिक्समधला. आमच्या टेबलाकडून दोन गोष्टी.

सर्जनने ब्रेनस्टेमपासून गाठ दोन-तीन मिलिमीटर जरी दूर केली तरी आमच्या जिवात जीव येतो. कॉर्डोमाला ७० ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक) किंवा त्याहून जास्त मात्रा द्यावी लागते. ब्रेनस्टेमची नेहमीची मर्यादा ५४ ग्रेच्या आसपास, त्याच्या पृष्ठभागाला फार तर थोडी जास्त चालवून घेतात. गाठ चिकटलेली असेल तर ७० वरून ५४ वर उतरायला जागाच उरत नाही. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर ऊर्जा टाकून थांबतो, म्हणून इथे त्याचा उपयोग. पण तोही शून्य मिलिमीटरात थांबत नाही. म्हणून गाठ जिथे ब्रेनस्टेमला टेकली आहे तेवढी तरी सोडवून द्या, बाकी कडेला थोडी राहिली तरी आम्ही बघून घेतो.

दुसरी गोष्ट स्क्रूंची. टायटॅनियमच्या कडेने सीटीवर काळे-पांढरे पट्टे उमटतात. प्रोटॉन किती खोल जाईल हे आम्ही त्याच सीटीवरच्या घनतेवरून काढतो, आणि पट्ट्यांमुळे ती घनता चुकते. हिशेब काही मिलिमीटरने हुकला तर तेवढाच मज्जारज्जू दूर असतो. कार्बन फायबरचे स्क्रू-रॉड आता मिळतात, ते स्कॅनवर जवळपास दिसतही नाहीत. सगळीकडे बसवता येतील असं नाही, वरच्या मणक्यांसाठी मापं मर्यादित आहेत. पण रेडिएशन लागणार हे आधीच ठाऊक असेल तर ऑपरेशनच्या आधी सर्जन आणि आम्ही एकदा एकत्र बसलो पाहिजे. बहुतेकदा रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा धातू बसवून झालेला असतो.

सुईदोरा

प्रकाशकण, मान्य. आमच्यातल्या काहींना टायटॅनियमची सवय सोडवत नाही, मीही त्यातलाच. कार्बनचा रॉड टेबलावर वाकवता येत नाही, आणि या जागेत रॉड वाकवल्याशिवाय बसत नाही. तुमचं गणित बरोबर आहे, आमची अडचणही खरी आहे.

शंकासुर

शेवटची शंका, मग गप्प बसतो. दुसरं मत घ्यायचं तर सोबत काय न्यायचं? आमच्या परिचितांनी रिपोर्टची फाइल नेली तर तिथले डॉक्टर म्हणाले याचा उपयोग नाही.

सुईदोरा

रिपोर्ट म्हणजे दुसऱ्याचं मत. आम्हाला चित्रं लागतात. एमआरआयची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या, त्यात मूळ डायकॉम फाइली, म्हणजे स्कॅनची मूळ डिजिटल चित्रं, हव्यात. मोबाइलने काढलेले फिल्मचे फोटो चालत नाहीत. हाडासाठी पातळ कापांचा सीटी आणि धमन्यांसाठी सीटी अँजिओग्राम लागतो, कारण दोन व्हर्टेब्रलपैकी कोणती मोठी आहे हे न बघता कोणी वाट ठरवणार नाही. आधीचं ऑपरेशन झालं असेल तर ऑपरेशन नोट.

बायोप्सी झाली असेल तर पॅथॉलॉजीचे ब्लॉक्स, म्हणजे मेणात जपलेले गाठीचे तुकडे, परत मागा, नुसता कागद नको. कॉर्डोमाचा संशय असेल तर त्यावर ब्रॅक्युरी या प्रथिनाची तपासणी झाली का ते विचारा. कॉर्डोमा की कॉन्ड्रोसार्कोमा याचा निकाल त्यावर लागतो. आणि बायोप्सी अजून व्हायची असेल तर जे ऑपरेशन करणार त्यांना विचारूनच करा. सुई ज्या वाटेने जाते त्या वाटेवर कॉर्डोमाच्या पेशी रुजू शकतात, म्हणून ती वाट पुढे ऑपरेशनमध्ये काढून टाकता येईल अशी निवडावी लागते.